तिसरी सीडी

२००२ च्या उन्हाळी सुट्टीत मावसभाऊ पुण्याहून आला तो बगलेत एक इंग्रजी पुस्तक घेऊनच. माझी सहावीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात भर दुपारी करण्यासारखं काही नसायचं. तो सोप्यात पालथा पडून वाचत राहायचा आणि मी शेजारी बसून मुखपृष्ठावरच्या चष्मेवाल्या पोराकडं बघत राहायचो. काय आहे यात, असं विचारलं की तो म्हणायचा, "तुला नाही कळणार, इंग्लिशमध्ये आहे." खरं होतं ते. आमची शाळा मराठी. इंग्रजी पाचवीला सुरू झालेलं, ते अजून गाईवर दहा ओळींच्या पुढं गेलं नव्हतं.

मग मामा आम्हा दोघांना एसटीनं सांगलीला घेऊन गेला आणि पडद्यावर तोच चष्मेवाला पोरगा हिंदी बोलायला लागला. 'हॅरी पॉटर और पारस पत्थर.' हॅग्रिड दार मोडून आत आला तेव्हा स्टॉलमधून शिट्ट्या पडल्या, अगदी हिरोच्या एन्ट्रीला पडतात तशा. विटांची भिंत आपोआप सरकून पलीकडं बाजार दिसला तेव्हा माझ्या हातातला वडापाव तसाच राहिला. मावसभाऊ मात्र सबंध अडीच तास कुजबुजत होता. हे असं नाही. ते आधी आहे. इथं एक खोडकर भूत होतं, ते खाल्लं. (हे त्याचं खरं निघालं. पीव्ह्ज नावाचं ते भूत रिक मेयल या नटानं केलंही होतं, चित्रीकरणही झालं होतं, पण सिनेमा कापताना ते गेलं ते गेलंच. आठही सिनेमांत ते कुठं नाही.) मला त्या कुजबुजीचा राग येत होता, पण पोटातून थोडं हलायचंही. त्याला दोन हॅरी पॉटर दिसत होते, मला एकच.

परीस मात्र मला त्याच्यापेक्षा जास्त कळत होता. परीस म्हणजे लोखंडाचं सोनं करणारा दगड, हे आमच्याकडं सप्त्याच्या कीर्तनात दर वर्षी ऐकायला मिळतं. त्यामुळं शेवटी हॅरीच्या खिशात परीस आला तेव्हा मी वाट बघत बसलो, की आता हा कशाचं सोनं करतोय. त्यानं काहीच केलं नाही. परतीच्या एसटीत मी म्हणालो, "एवढा परीस हातात येऊन वाया घालवला." मामाही म्हणाला, "व्हय की." पुस्तकवाला भाऊ खिडकीबाहेर बघत राहिला.

गोष्ट अर्धी कळणं आम्हाला काही नवं नव्हतं. 'चांदोबा'चे अंक आमच्या घरी रद्दीतून यायचे. त्यातल्या लांबणाऱ्या गोष्टीचा तिसरा भाग हाताला लागायचा, मग एकदम सातवा. मधले तीन भाग आम्ही भावंडं आपापल्या अकलेनं भरून काढायचो. १९९४ पासून रविवारी सकाळी 'चंद्रकांता' लागायची. त्यातला क्रूरसिंग आणि त्याचं ते 'यक्कू' अख्ख्या गल्लीला पाठ होतं, पण देवकीनंदन खत्री नावाच्या माणसानं ही कादंबरी १८८८ साली लिहिली हे गल्लीत कुणाला ठाऊक होतं? पुस्तक न वाचता पडद्यावरची जादू बघायची आम्हाला लहानपणापासूनची सवय. वीज गेली की एखादा भाग तसाच बुडायचा, आणि पुढच्या रविवारपर्यंत मधे काय झालं असेल यावर पारावर चर्चा चालायची. त्या चर्चेत कुणी हरायचं नाही, कारण खरं काय ते कुणालाच माहीत नसायचं.

दुसरा सिनेमा आमच्याकडं थिएटरला आलाच नाही. आला तो सीडीवर. बाजारपेठेत एक सीडी लायब्ररी होती, दिवसाला वीस रुपये भाडं. व्हीसीडीच्या एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावायचा आणि हा सिनेमा १६१ मिनिटांचा, म्हणजे तीन सीड्या. एक संपली की टीव्हीचा पडदा निळा व्हायचा, मग कुणीतरी उठून ट्रे उघडायचा, तोवर आई भाजी परतून यायची. पहिल्या दोन सीड्या बिनबोभाट चालल्या. तिसरीवर कुणीतरी आधीच नखं घासल्यासारखे ओरखडे होते. हॅरी तळघरात उतरला, दगडाच्या त्या म्हाताऱ्याचं तोंड उघडलं, आतून काहीतरी सरपटत यायला लागलं, आणि पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन पडले. मशीन आतल्या आत करकर वाजत राहिलं.

सीडी काढली. शर्टाच्या टोकानं पुसली. टूथपेस्ट लावून, पाण्यानं धुऊन, कापसानं कोरडी केली. शेजारच्या काकूंनी केळ्याची साल घासायला सांगितली, तेही केलं. दर वेळी गोष्ट त्याच जागी यायची, तोंड उघडायचं आणि चौकोन पडायचे.

दुसऱ्या दिवशी शाळेत सगळे वाट बघत होते, कारण सीडी भाड्यानं आणलेला वर्गात मी एकटाच. शेवट मला माहीत नाही, हे सांगायला जीभ रेटेना. मग मी सांगितलं. हॅरीला सापांची भाषा येते हे त्याच सिनेमात मधे दाखवलंय. मग तो त्या सापाशी बोलणार हे उघडच आहे, नाही का? माझ्या गोष्टीत हॅरीनं सापाला विचारलं, तुला इथं कोंडलं कुणी? साप म्हणाला, हजार वर्षं झाली, उपाशी आहे. मग हॅरीनं त्याला पाईपातून बाहेरची वाट दाखवली, साप रानात गेला, आणि जाता जाता त्याला हॅरीवर सोडणाऱ्या वाईट मुलाला गिळून गेला.

ही गोष्ट आमच्या वर्गाला पटकन पटण्याचं कारण भूगोलात आहे. बत्तीस शिराळा आमच्यापासून जवळ. तिथल्या नागपंचमीला तेव्हा जिवंत नागांची पूजा व्हायची, मिरवणूक निघायची, आणि आमच्यातली निम्मी पोरं ती मोठ्यांच्या खांद्यावर बसून बघून आलेली. नागाला मारतात, हे आमच्या डोक्यात शिरणंच अवघड होतं. दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या शाळेतल्या एका पोरानं मला माझीच गोष्ट ऐकवली, वर सापाच्या डोक्यावर मणी होता अशी भर घालून. मी मान डोलावली. मणी चांगलाच होता.

दोन वर्षांनी केबलवर तो सिनेमा लागला आणि सगळ्यांनी एकाच रात्री पाहिला. फिनिक्स पक्षी येतो, सापाचे डोळे फोडतो, जुन्या टोपीतून तलवार निघते, हॅरी ती सापाच्या टाळ्यातून आरपार घालतो. सापाशी बोलून काही उपयोग नाही, असं तो वाईट मुलगा तिथंच सांगून टाकतो. सकाळी शाळेच्या फाटकाशी चौघे उभेच होते. "ए, तू सांगितलंवतंस ती गोष्ट कुठाय रं?"

मी म्हणालो, "पुस्तकात आहे."

हे उत्तर माझं नव्हतं, मावसभावाचं होतं. तोवर त्यानं मला ते इतक्यांदा ऐकवलं होतं की ऐन वेळी तेच तोंडातून आलं. पण काय गुण आला त्याला! आमच्या पंचक्रोशीत ते पुस्तक कुणाकडं नव्हतं. प्रकरण तिथंच मिटलं.

तिसऱ्या सिनेमानं मला दोन कोडी घातली. २००४ चा जून, शाळा सुरू होता होता कोल्हापूरला पाहिला. पहिलं कोडं डम्बलडोरचं. पहिल्या दोन सिनेमांतले सावकाश बोलणारे, आजोबांसारखे गुरुजी जाऊन तिथं कुणी वेगळेच, तरतरीत गृहस्थ आले होते. रिचर्ड हॅरिस हे नट २००२ च्या ऑक्टोबरात वारले आणि त्यांच्या जागी मायकेल गॅम्बन आले, ही बातमी आमच्यापर्यंत पोचली नव्हती. पडद्यावर कुणी काही बोलत नाही म्हटल्यावर मी ठरवून टाकलं, की हे त्यांचे धाकटे भाऊ असणार, गादीवर बसलेत. हे मी बरीच वर्षं मनापासून मानत होतो. पुढं सातव्या पुस्तकाच्या सिनेमात डम्बलडोरना खरोखरच एक धाकटा भाऊ निघाला, ॲबरफोर्थ नावाचा, गावात खानावळ चालवणारा. मी खुर्चीत ताठ बसलो. माझा उमेदवार चुकला होता, पण नातं बरोबर होतं.

दुसरं कोडं हरणाचं. तळ्याकाठी हॅरीच्या कांडीतून पांढराशुभ्र काळवीटासारखा प्राणी निघतो आणि ती दमपिशाचं पळवून लावतो. (डिमेंटर या शब्दाला हिंदी अनुवादात 'दमपिशाच' म्हटलंय. गरुडद्वार, नागशक्ती, मेहनतकश, चीलघात ही वसतिगृहांची हिंदी नावंही अशीच झकास. मूळ नावांपेक्षा मला ती जास्त आवडतात, आणि हे मी पुस्तकवाल्यांसमोर बोलत नाही.) पण हरीणच का? वाघ का नाही? पोरगा सिंहाच्या झेंड्याखालचा, मग सिंह का नाही? सिनेमा यावर अक्षर बोलत नाही. तो जादूचा नकाशा कुणी काढला तेही सांगत नाही, चार चमत्कारिक नावं तेवढी दाखवतो. मी भावाला आंतरदेशीय पत्र लिहून विचारलं. उत्तर अर्थातच आलं, त्याच्या त्या तिरक्या अक्षरात, तीन शब्दांचं: पुस्तकात आहे, वाच.

मी वाचलं नाही. मानी होतो म्हणा, आळशी म्हणा. मी माझ्यापुरतं ठरवलं, की हरीण म्हणजे हॅरीच्या मेलेल्या बापाचा जीव, श्राद्धाच्या पानावर कावळा येतो तसा लेकराच्या हाकेला आलेला. शिकायला पुण्यात आल्यावर डेक्कनच्या फुटपाथवर तिसऱ्या पुस्तकाची जुनी प्रत मिळाली तेव्हा कळलं. बाप जिवंतपणी हरणाचं रूप घ्यायचा. त्याचं टोपणनाव प्राँग्ज, म्हणजे शिंगांची टोकं, आणि नकाशावरच्या चार नावांतलं एक त्याचंच. बाकीची तीन त्याच्या मित्रांची: ल्युपिन, सिरियस आणि तो फितूर पीटर. अल्फोन्सो क्वारोननं आठांतला सगळ्यात देखणा सिनेमा केला आणि एवढी मोठी गाठ सोडवायची तशीच ठेवली. यावर पुस्तकवाले आजही चिडतात. मी नाही चिडत. पाच वर्षं ते हरीण माझ्याकडं होतं, आणि फुटपाथवर उभ्या उभ्या ते पान वाचताना अंगावर जो काटा आला, तो पहिल्या दिवशीच उत्तर मिळालेल्याला आला असेल असं मला वाटत नाही.

बाकीची भोकं मी यथावकाश मोजली. सातव्या पुस्तकाच्या पहिल्या सिनेमात हॅरीच्या हातात आरशाचा एक तुकडा असतो. तो त्याला दिला कुणी? पाचव्या पुस्तकात सिरियसनं, आणि सिनेमात कुणीच नाही. भविष्यवाणीतला मुलगा हॅरीऐवजी त्याच्या वर्गातला नेव्हिलही असू शकला असता, ही केवढी थोरली गोष्ट! सिनेमावाल्यांना तिचा पत्ताच नाही. पाचवं पुस्तक सातांत सगळ्यात जाड आणि त्याचा सिनेमा १३८ मिनिटांचा, शेवटचा सोडला तर सगळ्यात आखूड. मग भोकं पडणार नाहीत तर काय होईल? त्याच सुमाराला केबलवाल्यानं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा भाग आधी लावला आणि पहिला नंतर. त्या अंगठीच्या गोष्टीत तर मी इतकी भोकं आपली आपण बुजवली, की तिसऱ्या भागाला अकरा ऑस्कर मिळाल्याचं वाचलं तेव्हा त्यातलं एखादं आपल्यालाही यायला हरकत नव्हती असं वाटलं.

हॅरीच्या शाळेतल्या स्नेप मास्तराचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

सहावं पुस्तक २००५ च्या जुलैत आलं. दिवाळीला भाऊ गावी आला आणि उटणं लावता लावता त्याच्या तोंडून निसटलं, की स्नेप डम्बलडोरला मारतो. निसटलं म्हणजे काय, त्याला ते पोटात ठेवणं जडच झालं असणार. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. आईनं शेवटी बजावलं, की पुन्हा या घरात त्या पोराच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. भावानं हा नियम पाळला, याबद्दल त्याला मानलं पाहिजे. सातवं पुस्तक २१ जुलै २००७ ला निघालं, लंडनमध्ये मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडं शनिवारची पहाट. तो रांगेत उभा राहून ते घेऊन आला, रविवारी संध्याकाळपर्यंत संपवलं, आणि मला चकार शब्दानं बोलला नाही. चार वर्षं.

हिशोब करून बघा. पुस्तकवाल्यांनी स्नेपला दोन वर्षं खुनी मानलं. मी जवळजवळ सहा वर्षं. माझी बारावी झाली, सीईटी झाली, इंजिनिअरिंगची तीन वर्षं गेली, तोवर तो माणूस माझ्या लेखी नीच. २०११ च्या जुलैत शेवटचा सिनेमा आला, आम्ही दोघं पुण्यात मल्टिप्लेक्सला गेलो, तो काळा थ्रीडी चष्मा लावून. स्नेपच्या आठवणी उलगडायला लागल्या. हिरवळीवरची दोन मुलं, मग त्यातली मुलगी, म्हणजे हॅरीची आई, मेलेली आणि तिला कवटाळून बसलेला हा. स्नेप झालेल्या ॲलन रिकमननं सहा वर्षं माझ्यासमोर जे दडवून ठेवलं होतं ते सगळं एका दमात बाहेर आलं. रिकमनला म्हणे त्यातलं थोडं लेखिकेनं फार आधीच कानात सांगून ठेवलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. चष्म्याच्या आत पाणी साचलं की पुसता येत नाही, एवढं त्या दिवशी कळलं. थोड्या वेळानं लक्षात आलं, की भाऊ पडद्याकडं बघतच नव्हता. माझ्याकडं बघत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "चार वर्षं याच्यासाठी गप्प बसलो होतो."

आता माझी मुलगी चौथीत आहे. तिनंही पुस्तकं वाचलेली नाहीत. वाचायची तर मराठीतसुद्धा आहेत, 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून सगळी, भोपाळच्या मंजुलनं काढलेली, आणि पहिली दोन माझ्याच कपाटात आहेत. ती सिनेमे बघते, माझ्यासारखीच. मागच्या महिन्यात आम्ही सोफ्यावर बसून तिसरा लावला. सीडी बदलायला उठायचं नाही, निळा पडदा नाही, चित्र असं की हॅग्रिडच्या दाढीतला केस न् केस मोजावा. हरीण निघालं. मी तिच्याकडं बघत होतो, भाऊ माझ्याकडं बघत होता तसा.

"बाबा, हरीणच का?"

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं: पुस्तकात आहे. मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

तिनं रिमोटनं चित्र थांबवलं, आईचा फोन घेतला, त्याला तोंडी विचारलं, आणि प्राँग्ज, ॲनिमेगस, चौघं मित्र, नकाशा, सगळं अर्ध्या मिनिटात ऐकून घेतलं. "अच्छा," म्हणाली, आणि सिनेमा पुढं सुरू. माझी पाच वर्षं. स्नेपचं तर तिला पहिला सिनेमा बघायच्या आधीपासूनच ठाऊक होतं, कुठल्याशा रीलमध्ये तो रडताना पाहिला होता म्हणे. त्यामुळं स्नेप वर्गात हॅरीला झापायला लागला की ती म्हणते, "बिचारा."

तिचं काही बिघडलंय असं नाही. पीव्ह्ज कोण, नेव्हिलचं काय, आरसा कुणाचा, हे सगळं तिला पाठ आहे. पुस्तकाला हात न लावता ती माझ्या भावाच्या तोडीची पुस्तकवाली झालीय. न वाचलेला माणूस पूर्वी अडाणी असायचा, तो अडाणीपणाच आता मिळेनासा झालाय. आणि हॅरी पॉटरची नवी मालिका येतेय, २०२५ पासून तिचं चित्रीकरण सुरू झालंय. एका पुस्तकाला एक हंगाम, असा बेत आहे. म्हणजे उरलीसुरली भोकंही बुजणार. भावाचा फोन आला होता, हर्षानं वेडा झालाय, म्हणतो आता सगळं दाखवतील. मी म्हटलं, "बघू."

त्या रात्री मी मुलीला तिसऱ्या सीडीची गोष्ट सांगितली. ती सीडी अजून कपाटात आहे. लायब्ररीवाल्यानं खराब म्हणून परत घेतलीच नाही, उलट भरपाई घेतली. मुलीनं ती उजेडात धरून ओरखडे पाहिले, आणि मग मी वर्गात सांगितलेला शेवट तिला सांगितला: कोंडलेला साप, पाईपातली वाट, रान, मणी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीच्या सवयीनं फोनकडं हात नेला. मग तिच्या लक्षात आलं, की हे तिथं सापडणार नाही. फोन खाली ठेवून म्हणाली, "पण मग ती टोपीतली तलवार कशाला होती?"

मला उत्तर देता आलं नाही. मी तिला पुढचं कधी पाहिलंच नव्हतं तेव्हा, असं सांगून पांघरूण घातलं. पण साप मारायला नको होता, हे माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे.